उर्वरित उलटतपास पुढील तारखेस

माझ्या मामांनी दोन देशांमधलं युद्ध थांबवलं, असं आमच्या घराण्यात मानतात. मामा स्वतः मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, दोन्ही देशांना धाप लागली होती, आपण फक्त खुर्च्या मांडल्या. पण खुर्च्या मांडणं सोपं नसतं. कोण कोणाच्या समोर, कोणाची पाठ दाराकडे, कोणाची खुर्ची बोटभर उंच, यात त्यांचा अख्खा हिवाळा गेला. शेवटी गोल टेबल आणलं, तर एका शिष्टमंडळाने टेबलाच्या गोलपणावरच आक्षेप घेतला. हे सगळं निस्तरणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोला एक प्रश्न विचारता येत नव्हता. प्रश्न साधा होता: मी घरी येऊ का?

मामी त्यांच्याहून वरचढ. तिला विचारायचं होतं, तू घरी येतोस का. तिनेही विचारलं नव्हतं. हे प्रकरण सुरू झालं तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. आता अक्कलदाढा काढून झाल्या आहेत.

दोघंही वकील. एकाच सिनिअरांच्या हाताखाली तयार झालेले. हे सिनिअर उलटतपासाला उभे राहिले की साक्षीदारांना आपलं नाव आठवेनासं व्हायचं. त्यांनी या दोघांच्या डोक्यात एक नियम खिळ्यासारखा ठोकला होता: ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही, असा प्रश्न कधी विचारायचा नाही. वकिलीत हा नियम अगदी बरोबर आहे. साक्षीदार काय बोलून जाईल याचा नेम नसतो, आणि एकदा बोलला की ते कागदावर चढतं. फक्त हा नियम कोर्टाच्या फाटकाबाहेर लागू नाही, हे सिनिअरांनी सांगायचं राहिलं. मग ते वारले.

मामा-मामींचं ऑफिस कोर्टासमोरच्या इमारतीत होतं. दोन टेबलं आणि एक पंखा. पंखा मामीच्या बाजूला, कारण पक्षकारही तिच्याच बाजूला. मामांकडे येणारे लोक बहुतेक जिना चुकलेले असत. अशातच त्यांच्याकडे दोन भाऊ आले. एकाच घरात राहायचे, वरच्या मजल्यावर थोरला, खालच्यावर धाकटा, आणि घराच्या वाटणीवरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मामांनी तडजोडीचा मसुदा केला. खोल्या, नळ, जिन्यातला दिवा, सगळं त्यात आलं. फक्त गच्चीची किल्ली कोणाकडे राहणार, हे आलं नाही. मामांनी ते मुद्दाम टाळलं होतं. किल्लीचा विषय निघाला असता तर सह्या झाल्या नसत्या. तो निघाला नाही, सह्या झाल्या, आणि ते दोघे कोर्टाच्या आवारात गळ्यात गळे घालून रडले. किल्ली त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या खिशात ठेवली, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी परराष्ट्र खात्यातले एक मोठे अधिकारी दुसऱ्या कामासाठी कोर्टात आले होते. वेळ जाईना म्हणून त्यांनी तो मसुदा वाचायला घेतला. वाचून म्हणाले, "यात जे लिहिलंय ते कोणीही लिहील. जे लिहिलं नाहीये, ते लिहायला अक्कल लागते." पुढच्या महिन्यात मामा कायद्याचे सल्लागार म्हणून एका शिष्टमंडळाबरोबर गेले. मग कुठेतरी सचिव, मग कुठेतरी उपराजदूत, मग राजदूत. जिथे दोन बाजूंना एकाच कागदावर सह्या करायच्या असत आणि एकमेकांचं काहीच मान्य नसे, तिथे मामांना पाठवायचे.

पहिली नेमणूक आली तेव्हा मामा ऑफिसात येऊन म्हणाले, "तीन वर्षांची आहे."

मामी म्हणाली, "चांगली संधी आहे."

एवढंच बोलणं झालं. त्यात कोणीही कोणाला काही विचारलं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं असणार, कारण दोघंही हुशार होते. मामांनी बॅग भरली. मामीची दुसऱ्या दिवशी सकाळीच तारीख होती, ती तिने जिंकली.

मग तिनाची सहा झाली, सहाची पुढे किती झाली ते आमच्या आईने मोजणं सोडून दिलं. मामा सुट्टीवर यायचे, पण बॅग पूर्ण उघडायचे नाहीत. मामी एकदाच त्यांच्याकडे गेली होती. तिथे राजदूतांच्या पत्नी म्हणून तिच्या हातून कसल्याशा प्रदर्शनाची फीत कापून घेतली. परत आल्यावर आईला म्हणाली, "मी उलटतपास घेणारी बाई. माझ्या हातात कात्री दिली."

आता मामा परदेशातून कायमचे परतले होते, पण घरी नव्हे. राजधानीत परराष्ट्र धोरणाचे सल्लागार म्हणून बसले होते. राजधानी आमच्याकडून सकाळच्या एका गाडीच्या अंतरावर. म्हणजे सगळं जग पालथं घालून माणूस हाकेच्या अंतरावर येऊन थांबला होता, आणि हाक कोणी मारायची यावर घोडं अडलं होतं.

मी मामीचा ज्युनिअर. घरी ती मामी, ऑफिसात मॅडम. दर रविवारी सकाळी मामांचा फोन यायचा. तिला नाही, मला.

"तिकडची परिस्थिती काय म्हणते?" ते विचारायचे.

"ठीक आहे मामा. गुडघा दुखतो म्हणत होती."

"कोणता?"

"डावा."

"डावा," मामांनी लिहून घेतल्यासारखं उच्चारलं. मग म्हणाले, "हे नवीन आहे."

त्यांचा आवाज असा होता, जणू एखादं राज्य आपल्याला न विचारता नकाशावरून पुसलं गेलंय.

"मामा, तुम्हीच फोन करून विचारा ना तिला."

"नको. तिला वाटेल मला कोणीतरी माहिती पुरवतंय." लगेच पुढे म्हणाले, "हे बघ, समजा. म्हणजे निव्वळ समजा. माझी इथली मुदत या महिन्याअखेर संपतेय. खातं म्हणतंय वाढवून घ्या. अशा वेळी एखाद्या बाजूने त्या भागात कायमचं परतण्याची इच्छा व्यक्त केली, तर तिकडून प्रतिक्रिया काय येईल? साधारण अंदाज."

"तुम्हाला घरी यायचंय का?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग?"

"आणि मी तसं म्हटलेलं नाही, हेही कुठे बोलू नकोस. हे मी तुला पक्षकार म्हणून सांगतोय. वकिलाने पक्षकाराचं बाहेर काढायचं नसतं." मग त्यांचा आवाज एकदम साधा झाला. "मला यायचंय रे. प्रत्येक ठिकाणी घर घेताना मी आधी खिडकी बघायचो. गल्ली दिसली पाहिजे. समुद्र दाखवायचे, डोंगर दाखवायचे, मी म्हणायचो, गल्ली नाही का एखादी? वेडा समजायचे मला."

सोमवारी ऑफिसात मामी फायलीतून मान वर न करता म्हणाली, "राजधानी काय म्हणते?"

"कोण राजधानी?"

"तुझ्याशी रविवारी बोलते ती."

"ठीक आहे. तुझ्या गुडघ्याचं विचारत होती."

मामीने पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं गुडघ्याचं?"

मी छताकडे बघितलं. पंखा फिरत होता.

"मुदत संपतेय ना त्याची?" ती म्हणाली.

"हो. वाढवून देतायत."

"घेईलच तो." तिने पेन पुन्हा उचललं, पण लिहिलं काही नाही. "समज, नाही घेतली. तर बसणार कुठे इथे? त्याच्या टेबलाच्या जागी झेरॉक्सचं मशीन आहे."

"मशीन हलवता येतं, मॅडम."

"हलवलं, आणि तो नाही आला तर? मग ती मोकळी जागा रोज कोणी बघायची, तू?" ती म्हणाली. "मशीन निदान आवाज तरी करतं."

मी म्हटलं, "मग विचार की त्यांना सरळ."

"काय विचारू? नाही म्हणाला तर? आत्ता निदान तो यायचा बाकी आहे. नाही म्हणाला की तो गेलेला होईल." मग तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे बोललास कुठे तर तुझी सनद रद्द करवून घेईन. मी पक्षकार म्हणून बोलले."

अशा रीतीने मी देशातला एकमेव वकील झालो, ज्याच्या दोन्ही पक्षकारांचं म्हणणं शब्दशः एक होतं, दोघांनाही तडजोड हवी होती, आणि ते मी दोघांनाही सांगू शकत नव्हतो. मी आडून प्रयत्न केले. मामांना म्हटलं, इकडचं हवामान अनुकूल आहे. त्यांनी छत्री घेऊ की नको विचारलं. मामीला म्हटलं, राजधानीचा कल इकडे झुकतोय. ती म्हणाली, इमारती जुन्या आहेत तिथल्या.

मग समन्स निघालं.

झालं असं की त्या दोन भावांचे वडील गेले आणि त्यांच्या खिशातून गच्चीची किल्ली निघाली. तेव्हापासून दावा चालू होता. धाकट्याचं वकीलपत्र मामीकडे. थोरल्याच्या वकिलाने अर्ज दिला, की मूळ मसुदा ज्यांनी केला त्यांनाच साक्षीला बोलवा, किल्ली कोणाला द्यायची त्यांच्या मनात होतं ते सांगू देत. म्हणजे मामा त्यांचे साक्षीदार. आणि उलटतपास मामीचा.

न्यायाधीशांनी आधी विचारलं, साक्षीदार आणि वकील नवरा-बायको आहेत, कोणाची हरकत? थोरल्याचे वकील म्हणाले, "अजिबात नाही साहेब. मला तर बघायचंय." मामीने दुसऱ्या दिवशी नवा गाऊन शिवायला टाकला. म्हणाली, जुना खांद्यावर उसवलाय. मी बघितला, तो कुठेही उसवला नव्हता.

साक्षीच्या आदल्या दिवशी मामा आले. सरकारी विश्रामगृहात उतरले. तिन्हीसांजेला मला म्हणाले, चल, जरा पाय मोकळे करू. पाय मोकळे करत करत आम्ही थेट कोर्टामागच्या गल्लीत आलो. मामीचं घर तिथेच, सायकलच्या दुकानावर दुसरा मजला. ती तेव्हा ऑफिसात होती. मामा समोरच्या फुटपाथवर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, सीमेची पाहणी करायला आल्यासारखे.

"बाल्कनीतली दोरी बदलली," ते म्हणाले.

"हो. जुनी तुटली."

"कधी?"

"झालं वर्ष."

"कपडे वाळत होते तेव्हा तुटली का?"

"मला नाही माहिती मामा."

"खाली पडले असतील कपडे. ती गुडघा धरून खाली उतरली असेल वेचायला." मग म्हणाले, "दिवा कुठला लावते, आतला की बाहेरचा?"

"आधी बाहेरचा."

"अजूनही?" ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं ते मला बघवलं नाही, म्हणून मी सायकलीच्या ट्यूब बघत बसलो. दुकानदार एका ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात बुडवत होता, भोक कुठे आहे ते शोधायला.

"उद्या सकाळपर्यंत खात्याला उत्तर द्यायचंय," मामा म्हणाले. "राहतो की जातो."

"तिला विचारा आणि द्या."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

"मग मी वाट कशाची बघू?" त्यांनी हे इतक्या शांतपणे विचारलं, जणू कार्यक्रमपत्रिकेतला पुढचा मुद्दा होता. "तुला कळायचं नाही. परक्या गावात सकाळी उठून दाढी करताना माणसाला काहीतरी बाकी लागतं. माझं हे बाकी होतं. आजपर्यंत ते मी खर्च केलेलं नाही."

माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत. पण तेवढ्यात मामी गल्लीच्या तोंडाशी दिसली, दोन्ही हातांत फायलींच्या पिशव्या, डाव्या पायावर किंचित कलत. मामा पटकन सायकलच्या दुकानात शिरले. देशाचे परराष्ट्र धोरण सल्लागार टांगलेल्या टायरांमागे उभे राहिले. दुकानदाराने विचारलं, काय हवंय? मामा म्हणाले, "घंटी." ती घेऊनच आम्हाला बाहेर पडावं लागलं.

मामी वर गेली. बाहेरचा दिवा लागला. मामा बघत राहिले, आणि मग आम्ही विश्रामगृहावर परतलो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. मामा पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ झाली. कारकुनाने नेहमीचं सुरू केलं. नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. धंदा विचारला, तर मामा जरा घुटमळले आणि म्हणाले, "सल्ला."

"राहण्याचा पत्ता?"

मामा म्हणाले, "कोर्टामागची गल्ली, सायकलच्या दुकानावर, दुसरा मजला."

कारकुनाने लिहून घेतलं. मामी फाईल चाळत होती, तिचा हात त्याच पानावर थांबला.

थोरल्याच्या वकिलांनी किल्लीबद्दल विचारलं. मामांनी अशी उत्तरं दिली की किल्ली दोघांचीही होती, कोणाचीच नव्हती, आणि मुळात गच्ची ही एक प्रक्रिया होती. न्यायाधीशांनी दोनदा चष्मा काढून डोळे चोळले. मग मामी उठली. तिचे प्रश्न मीच टाईप केले होते, सगळेच्या सगळे, आणि प्रत्येकाचं उत्तर तिला माहीत होतं. तिने तो कागद उचलला, बघितला आणि पालथा ठेवला.

"साक्षीदार, तुम्ही शपथेवर जो पत्ता दिलात, तिथे तुम्ही राहता?"

"नाही."

"शेवटचे कधी राहिलात?"

"उतरलो होतो दोन हिवाळ्यांपूर्वी. राहिलो त्याच्या फार आधी."

"मग कोर्टाला हा पत्ता का दिला?"

"दुसरा तोंडात आला नाही."

थोरल्याचे वकील हरकत घ्यायला अर्धे उठले होते, ते हळूच खाली बसले. न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, किल्लीचं..."

"येतेय साहेब, तिकडेच येतेय," मामी म्हणाली. तिने टेबलाची कड धरली होती. "तुम्हाला त्या पत्त्यावर परत राहायला यायचंय का?"

हा प्रश्न मी टाईप केलेला नव्हता. सिनिअर असते तर उभ्या कोर्टात त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला असता.

"हो," मामा म्हणाले.

टायपिस्टने टाईप केलं. यंत्र थांबलं.

"पण," मामा म्हणाले, "आज सकाळी इथे येण्याआधी मी खात्याला मुदतवाढीचा होकार कळवला. दोन वर्षं."

मामीने टेबलाची कड सोडली. मग तिने वकिलाने कधीही विचारू नये असा प्रश्न विचारला.

"का?"

"मला वाटलं तुम्ही विचारणार नाही. काल जर..."

"साक्षीदाराने जर-तर सांगू नये," न्यायाधीश म्हणाले. पण हळू म्हणाले.

मला दोघांकडेही बघवेना. माझ्याकडे दोन्ही उत्तरं होती, कालपर्यंत कामाची होती, आणि मी ती सनदेसाठी जपून ठेवली होती.

मामीने गाऊन सारखा केला. "साहेब, साक्षीदारांचा उलटतपास आज पूर्ण होत नाही. उर्वरित पुढील तारखेस घेण्याची परवानगी असावी."

"अजून किती प्रश्न आहेत?"

"सांगता येत नाही, साहेब."

न्यायाधीशांनी तिच्याकडे बघितलं, पिंजऱ्याकडे बघितलं. "पुढच्या महिन्यात," म्हणाले. "साक्षीदारांनी हजर राहावं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या बाईने काय केलंय. खातं मुदतवाढ देऊ शकतं, मंत्री बैठका लावू शकतात, पण कोर्टाने हजर राहा म्हटल्यावर साक्षीदाराला यावंच लागतं. आणि उलटतपास जोवर संपत नाही, तोवर दर तारखेला यावं लागतं.

मामा दर महिन्याला येऊ लागले. खात्याने एकदा कळवलं की सल्लागार अत्यंत महत्त्वाच्या वाटाघाटींत आहेत, गैरहजेरी माफ व्हावी. मामांनी स्वतःच तो अर्ज मागे घ्यायला लावला. दोन देशांना मासेमारीच्या हद्दीवर लटकत ठेवून ते गच्चीच्या किल्लीबद्दल साक्ष द्यायला आले. वर्तमानपत्रात आलं, न्यायसंस्थेबद्दल केवढा हा आदर.

उलटतपास अर्धवट असताना वकिलाने साक्षीदाराशी बाहेर बोलणं बरं दिसत नाही. दोघंही या बाबतीत फार काटेकोर. त्यामुळे जे काय बोलायचं ते कोर्टात, शपथेवर, आणि टायपिस्टच्या वेगाने. बाहेरच्या बाकावर ते एकमेकांपासून एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून बसायचे. बहुतेक वेळा तो माणूस मी असायचो.

"मसुदा केला त्या काळात साक्षीदारांना झोप लागत होती का?" मामी विचारायची.

"लागत होती."

"आता?"

"बेताची."

"साक्षीदार सकाळी स्वतः चहा करतात का?"

"करतो. चांगला होत नाही."

"याचा किल्लीशी संबंध?" न्यायाधीश विचारायचे.

"साक्षीदाराच्या स्मरणशक्तीची तपासणी आहे, साहेब."

"हरकत?"

"नाही साहेब," थोरल्याचे वकील म्हणायचे. "ऐकतोय."

एका तारखेला तिने विचारलं, "गच्चीवरून काय दिसतं, हे साक्षीदारांनी पाहिलं होतं का?" मामा म्हणाले, त्या गच्चीवरून कोर्टामागची गल्ली दिसते, आणि तेव्हा ते मसुदा करायला म्हणून तिथे जायचे आणि घराची बाल्कनी बघत बसायचे, आपली बायको या वेळी काय करत असेल ते बघायला. मामीने विचारलं, काय करत होती? मामा म्हणाले, दोरीवर गाऊन वाळत घालत होती. त्या दिवशी मामीने तिथेच थांबून पुढची तारीख मागितली. तिला पुढचा प्रश्न वाचता येत नव्हता.

दोन ऋतू असे गेले. मग एका सकाळी ते दोन भाऊ ऑफिसात आले. एकाच स्कूटरवरून.

"मॅडम," धाकटा म्हणाला, "मिटलं आमचं."

"काय मिटलं?" मामी म्हणाली.

"किल्लीचं. आम्ही दुसरी करून घेतली. कोपऱ्यावर करून देतो एकजण."

थोरला म्हणाला, "लगेच मिळते. आपण उगाच इतकी वर्षं."

मी म्हटलं, "घाई करू नका. भाऊ असला म्हणून काय झालं, माणसाने नीट विचार करावा. उद्या कुलूप बदललं तर?"

"कशाला बदलतोय मी कुलूप?" थोरला म्हणाला.

"तसं नाही, पण तुमचा एकमेकांवर राग होता. तो असा एकदम..."

"तू गप्प बस," मामी मला म्हणाली. मग तिने कोरा कागद ओढला आणि तडजोडीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. दोन किल्ल्या, एक याच्याकडे, एक त्याच्याकडे, कुलूप बदलल्यास नव्याच्याही तशाच दोन. काहीही लिहायचं राहू दिलं नाही. भावांनी सह्या केल्या, एकमेकांच्या पाठीवर थाप मारली आणि स्कूटर चालू होईना म्हणून ढकलत गेले. त्याच आठवड्यात दावा निकाली निघाला.

"राजधानीला कळव," मामी म्हणाली.

मी कळवलं. मामा म्हणाले, "छान झालं. भाऊ एक झाले." मग म्हणाले, "म्हणजे त्या तारखेला आता काही नाही."

"नाही मामा."

"हं," ते म्हणाले.

ती तारीख उजाडली तेव्हा मी दुसऱ्याच एका प्रकरणात मुदत मागायला कोर्टात गेलो होतो. मधल्या जिन्याने वर आलो तर मामी नेहमीच्या बाकावर बसली होती, गाऊन घालून. त्या दिवशी तिचं त्या कोर्टात काहीच काम नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण तिचा दिवस मीच लावतो.

खांबाशी उभा राहिलो.

थोड्या वेळाने मामा जिना चढून आले. प्रवासाने शर्ट चुरगळलेला. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. शिपाई आतून प्रकरणं पुकारत होता. एक पुकारलं, दुसरं पुकारलं. ह्यांचं कसं पुकारणार.

"आज तारीख नाही," मामी समोर बघत म्हणाली.

"माहितीये."

"मग एवढ्या लांबून आलात."

"तूही गाऊन घातलायस."

मामीने गाऊनच्या बाहीकडे बघितलं, जणू ती कोणीतरी तिला न सांगता चढवली होती. तिचा आवाज कोर्टातला राहिला नाही.

"उलटतपास संपला आता. बाहेर बोलायला हरकत नाही."

"नाही हरकत."

आतून तिसरं प्रकरण पुकारलं. दोन माणसं धावत आत गेली.

"आज राहणार आहेस?" तिने विचारलं.

मामांना मी मंत्र्यांपुढे, वार्ताहरांपुढे, कॅमेऱ्यांपुढे बोलताना पाहिलंय. इतका वेळ त्यांनी कधीच घेतला नव्हता.

"परवा सकाळपर्यंत," ते म्हणाले. "पहिल्या गाडीपर्यंत. मग शनिवारी परत. मग प्रत्येक शनिवारी. मुदत संपली की कायमचा."

"मी फक्त आजचं विचारलं होतं."

"हो."

"विचारलं तेवढंच सांगायचं असतं साक्षीदाराने."

"मला माहितीये," मामा म्हणाले. "मला सगळं सांगायचं होतं."

मामी उठली. गुडघ्याने थोडा त्रास दिला, तिने बाकाचा हात धरला. मामांनी तिच्या फायलींच्या पिशव्यांपैकी एक घेतली. ती म्हणाली, ती जड आहे, दुसरी घे. ते म्हणाले, असू दे. दोघं जिना उतरू लागले, प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी टेकत. मामा आपले दोन्ही पाय धड असून तिच्यासारखेच उतरत होते.